सगळे सूर स्केलमध्ये आहेतच, मग?

गिटार शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य इतकं रुळलं आहे की त्याला कोणी हरकतही घेत नाही. ‘मेजर स्केल पाठ आहे ना? मग मेजर सेव्हन्थचा अर्पेजिओ वेगळा कशाला घोकायचा? त्याचे चारही सूर स्केलमध्ये आहेतच की!’ या वाक्याच्या पाठोपाठ आणखी दोन येतात. एक, हे सगळं जॅझवाल्यांचं काम, आपल्या गाण्यांना ते लागत नाही. दुसरं, असल्या कवायतीने वाजवण्यातला भाव मरतो. मला तिन्ही म्हणणी चुकीची वाटतात. पहिल्याचा समाचार जास्त सविस्तर घ्यायला हवा, कारण त्यात तथ्याचा अंश आहे आणि त्याच्या आधाराने मुलांची वर्षं वाया जातात.

तथ्य तेवढं आधी मान्य करून टाकू. सी मेजर सेव्हन्थ म्हणजे सी, ई, जी, बी; हेच सूर एकत्र न वाजवता एकेक करून वाजवले की तो अर्पेजिओ. सीला षड्ज धरला तर सा, ग, प, नि, सगळे शुद्ध. हे चारही सी मेजर स्केलमध्ये आहेत, यात वाद नाही. वाद उरलेल्या तिघांचा आहे. रे, म आणि ध यांचं काय करायचं, कधी करायचं, हे स्केल सांगत नाही. स्केलच्या लेखी सातही सूर सारखेच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी एक प्रयोग करावा. मागे सी मेजर सेव्हन्थ कॉर्ड संथ लयीत चालू ठेवा आणि सीपासून स्केल वर चढवा, एका मात्रेत दोन सूर. पहिल्या मात्रेवर सा पडेल, दुसरीवर ग, तिसरीवर प, चौथीवर नि. छान वाटेल. आता तेच स्केल, त्याच लयीत, पण पहिल्या मात्रेवर सीऐवजी डी घेऊन सुरू करा. मात्रांवर आता रे, म, ध आणि सा येतील, आणि कॉर्डचे ग, प, नि मधल्या फटींत जाऊन पडतील. दुसऱ्या मात्रेवरचा मध्यम कॉर्डमधल्या गंधाराला असा घासतो की न शिकलेल्या कानालाही काहीतरी बिनसल्याचं कळतं. स्केल तेच आहे आणि एकही सूर स्केलबाहेरचा नाही. तरी पहिल्या खेपेला कॉर्ड उमलते आणि दुसऱ्या खेपेला तिच्यावर कोणीतरी चालून गेल्यासारखं होतं. पहिल्या खेपेला जे छान वाटलं, ते स्केलमुळे वाटलं नव्हतं. योगायोगाने मात्रांवर अर्पेजिओ पडला होता म्हणून वाटलं होतं. हा योगायोग ज्याला हवा तेव्हा घडवून आणता येतो, त्याला अर्पेजिओ येतो.

मराठी श्रोत्याला तर हे पटवून द्यायची गरजच पडू नये. भूप आणि देसकार, दोघांचे सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. कुठे थांबायचं, कुठून उठायचं, कुठल्या सुराला मान द्यायचा, यावरून दोन राग वेगळे होतात. ‘पाच सूर येतात ना, मग भूप आलाच’ असं गाण्याच्या शिकवणीत कोणी म्हणालं तर गुरुजी त्याला पुढचे सहा महिने नुसता भूपाचा गंधार लावायला बसवतील. मग हातात गिटार आली की हीच माणसं ‘सूर आहेतच की’ हे उत्तर कसं स्वीकारतात? रागातल्या वादी-संवादीची जी जाण आपल्या कानांत लहानपणापासून मुरलेली असते, ती कॉर्डच्या संगीतात गेल्यावर बाहेर ठेवून यायची नसते. फरक एवढाच की तिथे मानाचे सूर दर एक-दोन बारला बदलतात.

त्यासाठी ‘ऑटम लीव्ह्ज’ घेऊ. जोझेफ कोस्मा यांनी १९४५ मध्ये बांधलेली ही चाल. जाक प्रेव्हेर यांचे मूळ फ्रेंच शब्द आणि नंतर जॉनी मर्सर यांचे इंग्रजी. जॅझ शिकणारा जगातला जवळजवळ प्रत्येक गिटारवादक या गाण्यावरून जातो. ई मायनरमध्ये पहिल्या आठ बारच्या कॉर्ड अशा: ए मायनर सेव्हन्थ, डी सेव्हन्थ, जी मेजर सेव्हन्थ, सी मेजर सेव्हन्थ, मग एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, बी सेव्हन्थ आणि शेवटी ई मायनर. बी सेव्हन्थमधला डी शार्प सोडला तर सगळं जी मेजर स्केलमध्ये बसतं. म्हणूनच स्केलवाद्यांना हे गाणं फार आवडतं: एक स्केल धरा आणि आठही बार निभावून न्या. निभावून नेता येतंच. पण त्या आठ बारमध्ये चाल कॉर्डकॉर्डवर पाय ठेवत खाली उतरते आणि एकच स्केल फिरवणाऱ्याच्या वाजवण्यात ती उतरण ऐकूच येत नाही. मागचा बॅकिंग ट्रॅक कॉर्ड बदलत असतो, पुढचा गिटारवाला एकाच जागी भिरभिरत असतो. ट्रॅक बंद केला की गाणंही नाहीसं होतं.

आता त्यातल्या दोन मेजर सेव्हन्थ शेजारीशेजारी ठेवून पाहा. हात दुसऱ्या फ्रेटपाशी ठेवायचा: तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट तिसऱ्यावर, अनामिका चौथ्यावर, करंगळी पाचव्यावर. सी मेजर सेव्हन्थचे सूर असे मिळतात: सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर जी. पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर बी आणि तिसऱ्यावर सी. चौथ्या तारेवर दुसऱ्यावर ई, पाचव्यावर जी. तिसऱ्या तारेवर चौथ्यावर बी, पाचव्यावर सी. दुसऱ्या तारेवर पाचव्यावर ई आणि पहिल्या तारेवर तिसऱ्यावर जी. नऊ जागा, नावं चारच. तिसऱ्या तारेवरच्या सीकडून दुसऱ्या तारेवरच्या ईकडे जाताना दोन्ही सूर पाचव्याच फ्रेटवर आणि दोन्ही करंगळीचेच. इथे नवशिक्या बोट उचलून पुन्हा ठेवतो आणि मध्ये एक छोटीशी गचकी ऐकू येते. बोट उचलायचं नाही. करंगळीचं टोक तिसऱ्या तारेवर असताना तिचं पेर किंचित आडवं करत दुसऱ्या तारेवर भार सरकवायचा आणि टोकावरचा भार सोडायचा. भार सोडला नाही तर दोन्ही तारा एकदम वाजतात, आणि मग ती कॉर्ड होते, अर्पेजिओ राहत नाही.

हात तिथेच ठेवून जी मेजर सेव्हन्थ शोधा. जी, बी, डी, एफ शार्प. सहाव्या तारेवर दुसरा आणि तिसरा फ्रेट, पाचवीवर दुसरा आणि पाचवा, चौथीवर चौथा आणि पाचवा, तिसरीवर चौथा, दुसरीवर तिसरा, पहिलीवर दुसरा आणि तिसरा. आता तिसऱ्या तारेवरचा चौथा फ्रेट पाहा. तो बी दोन्हींत आहे. जी मेजर सेव्हन्थमध्ये तो गंधार असतो आणि सी मेजर सेव्हन्थ आली की तोच, बोट न हलवता, निषाद होतो. ‘ऑटम लीव्ह्ज’ची चाल जी मेजर सेव्हन्थवर नेमकी बीवर येऊन टेकते. तो बी धरून ठेवा आणि कोणाला तरी खाली कॉर्ड बदलायला सांगा. सूर हलत नाही आणि त्याचा अर्थ पालटतो. आधी तो घरात बसल्यासारखा निवांत असतो, कॉर्ड बदलली की त्याच्यात वरच्या षड्जाची ओढ निर्माण होते. जी मेजर स्केल पाठ असलेल्याला हा बी ‘स्केलमधला एक सूर’ म्हणून माहीत असतो. त्याची ही दोन नाती त्याला कोणी दाखवलेलीच नसतात.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. अर्पेजिओ शिकवा म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळजण तो इतक्या वाईट पद्धतीने शिकवतात की स्केलवाद्यांचा आक्षेप खरा वाटावा. पाच आकारांचा तक्ता हातात द्यायचा, प्रत्येक आकार षड्जापासून षड्जापर्यंत वर-खाली करून घ्यायचा, मेट्रोनोम दर आठवड्याला चार-चार ठोक्यांनी वाढवायचा. वर्षाच्या शेवटी मुलगा पाचही आकार झपाट्याने वाजवतो. त्याला सांगा, ‘निषादापासून सुरू कर आणि खाली ये.’ हात थबकतो. सांगा, ‘आत्ता वाजवलास तो सूर कोणता?’ उत्तर नाही. त्याने सूर शिकलेच नाहीत, ठिपक्यांचं चित्र शिकलं.

हा दोष गिटारवर जास्त बळावतो, त्याला वाद्याची घडण कारण आहे. पियानोवर एका उंचीच्या सुराला एकच पट्टी असते. गिटारवर पहिली तार मोकळी सोडली की जो ई वाजतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावरही असतो. त्यात तिसरी आणि दुसरी तार यांच्यातलं अंतर बाकीच्या जोड्यांपेक्षा अर्ध्या सुराने कमी, म्हणजे एकच आकार एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर नेला की तिथे तो मोडतो. या गुंतागुंतीतून वाट काढायला आकार उपयोगी पडतात, ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण आकार पाठ करताना तोंडाने सुराचं नाव घेतलंच पाहिजे, सा-ग-प-नि म्हणा किंवा सी-ई-जी-बी म्हणा. आपल्याकडच्या मुलांना सरगम म्हणायची सवय असते, ती गिटारच्या शिकवणीत का सोडून द्यायला लावतात हे मला खरोखर कळत नाही. सरगम म्हटली की कोणता सूर षड्जापासून किती दूर आहे हे एकाच वेळी कानाला आणि हाताला कळतं, आणि कॉर्ड बदलली तर सा हलवून पुन्हा म्हणता येतं.

‘जॅझवाल्यांचं काम’ या आक्षेपाकडे वळतो. एरिक साती यांची पहिली ‘जिम्नोपेदी’ १८८८ मधली. तिच्या सुरुवातीला डाव्या हातात दोनच कॉर्ड आलटून पालटून येतात, जी मेजर सेव्हन्थ आणि डी मेजर सेव्हन्थ. तेव्हा जॅझ नावाचं काही जन्मालाही आलं नव्हतं. राहिला प्रश्न ‘आपल्या’ गाण्यांचा. हिंदी सिनेमाचं संगीत आपलं मानायचं असेल, तर त्याचा वाद्यमेळ ज्यांनी उभा केला त्या माणसांकडे पाहा: अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, आल्दोन्याचे चिक चॉकलेट. गोव्याच्या या वादकांच्या पिढीने मुंबईच्या हॉटेलांत नाचगाण्याचं आणि जॅझचं संगीत वाजवलं आणि सिनेमाच्या स्टुडिओंत मेलडीखाली कॉर्ड बांधल्या. आणि अमान्सिओ डिसिल्व्हा? गोव्याच्या घरातला, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला हा गिटारवादक पुढे इंग्लंडला गेला. १९६९ मध्ये त्याचा ‘इंटिग्रेशन’ निघाला आणि त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबरचा ‘हम दोनो’. भारतीय सूर आणि जॅझची कॉर्ड एकाच बोटांत कशी नांदतात हे या ध्वनिमुद्रिकांत ऐकायला मिळतं. तेव्हा हे परक्यांचं काम म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच शहराचा इतिहास वाचावा.

रागसंगीताबद्दल मात्र जपून बोललं पाहिजे. हंसध्वनीत सा, रे, ग, प, नि असतात, म्हणजे मेजर सेव्हन्थचे चार सूर आणि वर ऋषभ. शंकऱ्यात गंधार आणि निषाद यांना मोठा मान. पण म्हणून शंकरा म्हणजे मेजर सेव्हन्थ, असं कोणी म्हणू लागलं तर मी त्यालाही विरोध करीन. रागातला निषाद षड्जाच्या अखंड तंबोऱ्यापुढे उभा असतो. कॉर्डमधला निषाद पुढच्या कॉर्डमध्ये दुसऱ्याच कोणाचा गंधार होऊ शकतो. दोन्हींकडची शिस्त वेगळी. माझं म्हणणं एवढंच की शुद्ध गंधार आणि शुद्ध निषाद यांची जोडी मराठी कानाला नवी नाही. ती ओळख असलेल्या मुलाला ‘हे तुझ्यासाठी नाही’ असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता भावाचा मुद्दा. तो मांडणारे नेहमी काही नावं पुढे करतात. एरल गार्नरला नोटेशन वाचता येत नव्हतं. वेस माँटगोमेरीलाही नाही. जँगो राइनहार्टला तर नाहीच. हे सगळं खरं आहे, आणि यातून त्यांना जे सिद्ध करायचं आहे त्याच्या नेमकं उलट सिद्ध होतं. गार्नरची १९५४ मधली ‘मिस्टी’ घ्या. ई फ्लॅट मेजर सेव्हन्थवर उघडणाऱ्या या चालीचे पहिले तीन सूर म्हणजे पंचम, मग खाली गंधार, आणि तिथून झेप थेट निषादावर. कॉर्डचा अर्पेजिओच आहे तो, फक्त षड्ज वगळून आणि क्रम बदलून. त्या निषादावर चाल टेकते तेव्हा जो जीव कासावीस होतो, तो भाव नाही तर काय आहे? गार्नरला कागद वाचता येत नसेल, कॉर्डच्या पोटातले सूर त्याला पुरते ठाऊक होते. वेस माँटगोमेरी चार्ली ख्रिश्चनचे सोलो कानाने ऐकून, सूर सूर टिपून शिकला. जँगोच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९२८ च्या आगीत जायबंदी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने अर्पेजिओ मानेच्या लांबीवर असे धावते ठेवले की पाच आकारांचा तक्ता त्याच्यापुढे तोकडा पडावा. या तिघांनी पुस्तक टाळलं असेल, मेहनत टाळली नव्हती.

कवायतीने भाव मरतो म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारायचं आहे. उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीचा पाया मेरुखंड. सुरांचा एक गट घ्यायचा आणि त्याचे सगळे क्रम गळ्यातून काढायचे. चार सुरांचे चोवीस होतात. भेंडीबाजार घराण्यात तर मेरुखंडाची तालीम परंपरेने चालत आली. अमीर खाँ यांच्या विलंबितात भाव नाही असं म्हणायची हिंमत कोणात आहे? सा, ग, प, नि या चार सुरांनाही तेच चोवीस क्रम लागू आहेत. सा-ग-प-नि आणि नि-प-ग-सा हे त्यांपैकी फक्त दोन, आणि आपल्याकडे बहुतेक मुलांचा रियाज या दोघांवरच संपतो. ग-नि-सा-प घ्या, प-ग-नि-सा घ्या. दुसऱ्यात शेवटी निषादावरून षड्जावर जाताना एकच फ्रेट पुढे सरकायचं असतं. तिथे पिक मारायचा की डाव्या हाताच्या बोटाने तार दाबून सूर काढायचा, हा निर्णय वाजवणाऱ्याचा. भाव जन्मतो तो असल्या निर्णयांतून, आणि निर्णय घेण्याइतका सूर हाताशी असावा लागतो.

आणखी एक कुरकुर ऐकू येते ती वेळेची. नोकरी-कॉलेज सांभाळून अर्धा तास मिळतो, त्यात आणखी हे कधी करायचं? पण या चार सुरांइतकी वेळ वाचवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. सी मेजर सेव्हन्थचा अर्पेजिओ ए मायनरवर वाजवा: सी, ई, जी, बी हे एचे तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा सूर होतात, आणि साधी मायनर कॉर्ड एकदम खोल वाटू लागते. एफ मेजर सेव्हन्थचा डी मायनरवर वाजवला की तेच. तोच जी सेव्हन्थवर नेला तर सातवा, नववा, अकरावा आणि तेरावा. एक आकार, तीन ठिकाणी कामाला. एक पथ्य मात्र पाळायचं: गाणारा किंवा सोबतचा वादक वरच्या षड्जावर लांब थांबला असेल तेव्हा त्याच्या खाली निषाद ठासून वाजवू नये, अर्ध्या सुराचं ते घर्षण कानाला बोचतं. अशा वेळी जाणते वादक निषाद सोडून धैवत घेतात. हे पथ्यसुद्धा स्केल शिकून कळत नाही.

आणि ज्यांना अजूनही एका स्केलवर भरवसा आहे, त्यांनी जॉन कोल्ट्रेन यांच्या १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जायंट स्टेप्स’पाशी यावं. बी, जी आणि ई फ्लॅट या तीन घरांत ती चाल अशी फिरते की एका स्केलवर पाय टेकेपर्यंत दुसरं आलेलं असतं. आणि चालीचे पहिले चार सूर कोणते? एफ शार्प, डी, बी, जी. वरून खाली उतरणारा जी मेजर सेव्हन्थचा अर्पेजिओ, खालून कॉर्ड बदलत असताना. थोडं पुढे डी, बी फ्लॅट, जी, ई फ्लॅट: ई फ्लॅट मेजर सेव्हन्थचा, तसाच उतरता.

शिकवणाऱ्यांना माझी मागणी साधी आहे. परीक्षेत स्केलचा वेग तपासणं बंद करा. विद्यार्थ्याला ‘ऑटम लीव्ह्ज’चे पहिले आठ बार द्या, बॅकिंग ट्रॅक बंद ठेवा, मेट्रोनोम साठवर लावा आणि सांगा की एका वेळी एकच सूर वाजवायचा, कॉर्ड वाजवायची नाही. ऐकणाऱ्याने डोळे मिटून, कॉर्ड जिथे जिथे बदलली असं वाटेल तिथे बोट वर करायचं. जी मेजर सेव्हन्थवरून सी मेजर सेव्हन्थवर जाताना बोट वर झालं नाही, तर त्या दोन बारवर परत या: हात दुसऱ्या फ्रेटपाशी, तोंडाने सरगम, आणि तिसऱ्या तारेवरच्या त्या बीपासून सुरुवात.